मॅनहोलबाहेरची जबाबदारी

कापूस आणि केळी यांच्याबरोबर खानदेशात मकाही मोठ्या प्रमाणावर पिकतो आणि त्या मक्यावर चालणाऱ्या एका स्टार्च कारखान्याच्या देखभाल विभागात मी नोकरी करतो. वार्षिक शटडाऊनच्या आधी कारखान्यातील सर्व बंदिस्त जागांची नोंदवही तयार करावी असे ठरले आणि ते काम माझ्याकडे आले. सुरक्षा अधिकाऱ्यांनी कसोटी सोपी करून सांगितली : माणूस आत शिरून काम करू शकेल एवढी जागा आहे, पण आत-बाहेर करण्याची वाट अरुंद किंवा अवघड आहे आणि ती जागा माणसाने सतत वावरावे म्हणून बांधलेलीच नाही, या तिन्ही गोष्टी जुळल्या की ती जागा वहीत घ्यायची. या कसोटीने पाहू लागल्यावर मक्याचे सायलो, भिजवण टाक्या, ड्रायरचे डक्ट, बॉयलरचा ड्रम, राखेचा हॉपर आणि सांडपाण्याच्या टाक्या तर आल्याच, पण वजनकाट्याखालचा खड्डा आणि केबलचे चेंबरही वहीत आले. वजनकाट्याच्या खड्ड्यावरून आमच्यात बराच वाद झाला, कारण दर पावसाळ्यात कोणी ना कोणी त्यात पाणी उपसायला उतरत असे आणि कोणाला कधी काही झाले नव्हते. आजवर काही झाले नाही, हे त्या खड्ड्याचे सुरक्षिततेचे प्रमाणपत्र नव्हे, असे सुरक्षा अधिकाऱ्यांचे म्हणणे होते आणि मला ते पटले. साचलेले पाणी काढायला उद्या कोणी पेट्रोलवर चालणारा पंप आत उतरवला, तर तोच खड्डा कार्बन मोनॉक्साइडने भरायला फार वेळ लागणार नाही.

वही भरताना लक्षात आले की धोका जागेगणिक बदलतो आणि एका जागेची सावधगिरी दुसऱ्या जागी पुरी पडत नाही. सायलोत मक्याचा वरचा थर घट्ट दिसला तरी ओलसर दाणे एकमेकांना धरून कमान करतात आणि खाली पोकळी राहते. तळाची झडप उघडी असताना त्यावर कोणी उभा राहिला, तर काही सेकंदांत तो कमरेपर्यंत रुततो आणि मग त्याला नुसत्या हातांनी ओढून काढणे अशक्य होते. भिजवण टाकीचा प्रकार वेगळा आहे. मका सुमारे ५० अंश तापमानाच्या आणि ०.१ ते ०.२ टक्के सल्फर डायऑक्साइड असलेल्या पाण्यात दीड ते दोन दिवस भिजत असतो. टाकी रिकामी केली तरी हा वायू हवेच्या दुपटीहून जड असल्यामुळे तळाशी रेंगाळतो. मात्र तो निदान स्वतःची ओळख देतो, कारण त्याच्या पहिल्याच झुळकीने घसा आणि डोळे जळू लागतात. खरी भीती आहे ती कारखान्याच्या मागच्या भिंतीलगत असलेल्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राची, ज्याला सगळेजण ईटीपी म्हणतात. भिजवणीतले गंधक सल्फाइट आणि सल्फेटच्या रूपाने सांडपाण्यात जाते आणि जिथे ऑक्सिजन पोहोचत नाही अशा टाकीत जिवाणू त्याचे हायड्रोजन सल्फाइड करतात. सडक्या अंड्यासारखा वास येणारा हा वायू कमी प्रमाणात असताना नाकाला लगेच कळतो. पण त्याचे प्रमाण १०० पीपीएमच्या (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास गेले की काही मिनिटांत नाकाची संवेदनाच बधिर होते आणि वास गेला म्हणजे वायूही गेला, अशी माणसाची समजूत होते.

कायद्याची भाषा मला तोपर्यंत कोरडी वाटत असे. या वहीमुळे नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ याचे कलम ३६ मी पहिल्यांदा शब्दशः वाचले. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये या अधिनियमात ज्या मोठ्या दुरुस्त्या झाल्या, त्यांत हे कलम नव्याने लिहिले गेले. त्याचा गाभा असा होता की, ज्या टाकीत, खड्ड्यात किंवा नळात घातक वायू असण्याची शक्यता आहे तिथे बाहेर पडण्याची पुरेशी वाट असल्याशिवाय कोणालाही उतरू द्यायचे नाही. वायू काढून टाकण्याचे सर्व व्यवहार्य उपाय आधी करायचे. आणि त्यानंतरही एकतर सक्षम व्यक्तीने स्वतः चाचणी घेऊन लेखी प्रमाणपत्र दिलेले असले पाहिजे किंवा उतरणाऱ्याने श्वसनयंत्र लावून दोराला बांधलेला पट्टा घातला पाहिजे आणि त्या दोराचे दुसरे टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात असले पाहिजे. त्यापुढच्या ३६-क या कलमात आत न्यायच्या हातदिव्याचा दाब, विशेष सुरक्षा साधने नसतील तर, २४ व्होल्टच्या वर असू नये असे सांगितले होते. ‘स्वतः चाचणी घेऊन’ हे शब्द माझ्या मनात राहिले. ऑफिसात टेबलावर बसून, कालच्या परमिटची, म्हणजे आत उतरण्याच्या लेखी परवान्याची, नक्कल करून दिलेल्या सहीला या वाक्यात जागाच नाही.

दोराचे दुसरे टोक धरणाऱ्या माणसाला कारखान्यात स्टँडबाय म्हणतात. शटडाऊनच्या आधी आमच्यातील काही जणांना या कामाचे प्रशिक्षण देण्यात आले आणि त्यांत मी होतो. एरवी हे काम ज्याला दुसरे काही येत नाही अशा हेल्परकडे जाते, ही आपल्याकडची सर्वांत घातक रीत आहे असे मला वाटते. प्रशिक्षकांनी सुरुवातच एका आकड्याने केली. अमेरिकेतील नियोश या कामगार-सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या संस्थेने १९८६ मध्ये असे नोंदविले होते की, बंदिस्त जागांतील मृत्यूंपैकी ६० टक्क्यांहून अधिक मृत्यू वाचवायला गेलेल्यांचे असतात. पहिला कोसळतो, त्याला काढायला दुसरा धावतो, दुसऱ्यासाठी तिसरा उतरतो. गावाकडे मैलाटाक्यांच्या आणि विहिरींच्या बातम्यांत एकाच घरातील दोन-तीन नावे एकाखाली एक का येतात, याचे उत्तर त्या आकड्यात आहे. म्हणून स्टँडबायचा पहिला नियम असा की, आत काहीही घडले तरी त्याने आत जायचे नाही. इशारा द्यायचा, बचाव पथकाला बोलवायचे, विंचने, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने, बाहेरूनच ओढायचे. पण मॅनहोलच्या कडेच्या आत पाय टाकायचा नाही.

हे ऐकायला सोपे वाटते. पण आमच्या भागात विहिरीत कोणी पडले की काठावर उभे राहून विचार करणाऱ्याला लोक माणूस म्हणत नाहीत. जो उडी घेतो त्याचेच नाव पुढे वर्षानुवर्षे निघते. या संस्कारात वाढलेल्या माणसाला ‘तू बाहेरच थांब’ असे सांगणे म्हणजे त्याला भ्याडपणा शिकवण्यासारखे वाटते, आणि प्रशिक्षणातील बराचसा वेळ या एका गोष्टीवर गेला तो उगीच गेला नाही. त्याच विहिरीवरून कंदिलाचाही विषय निघाला. जुनी माणसे खोल विहिरीत उतरण्यापूर्वी पेटता कंदील दोराने खाली सोडत आणि तो विझला तर उतरत नसत. ही चाचणी खोटी नव्हती, कारण ऑक्सिजन साधारण १६ टक्क्यांच्या आसपास आला की ज्योत विझते. पण विहिरीत डिझेल इंजिन चालवून गेल्यावर साठलेला कार्बन मोनॉक्साइड कंदिलाला कळत नाही, हायड्रोजन सल्फाइड कळत नाही आणि मिथेन असेल तर कंदील स्वतःच स्फोटाचे कारण होतो.

कंदिलाच्या जागी आता चार वायूंचा मीटर आला आहे. तो ऑक्सिजन, ज्वालाग्राही वायू, हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन मोनॉक्साइड मोजतो. सल्फर डायऑक्साइड त्याला दिसत नाही, म्हणून भिजवण टाकीसाठी वेगळा मीटर लागतो, हे आमच्याकडच्या कित्येक अनुभवी फिटरनाही ठाऊक नव्हते. वाचनाचा क्रमही ठरलेला आहे : आधी ऑक्सिजन, मग ज्वालाग्राही वायू, शेवटी विषारी वायू. ऑक्सिजन आधी पाहण्याचे कारण केवळ श्वासाचे नाही. ज्वालाग्राही वायू मोजणारा नेहमीचा सेन्सर वायू जाळूनच मोजतो आणि पुरेसा ऑक्सिजन नसेल तर तो चुकीने कमी आकडा दाखवतो. ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्के, ज्वालाग्राही वायू एलईएलच्या (ज्या किमान प्रमाणाला वायू हवेत पेट घेऊ शकतो त्याच्या) १० टक्क्यांखाली आणि हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमखाली, या मर्यादा भिंतीवरच्या तक्त्यात असतात. पण प्रशिक्षकांनी त्या तक्त्यापलीकडची एक गोष्ट सांगितली, जी मला पूर्ण प्रशिक्षणातील सर्वांत मोलाची वाटते. स्वच्छ हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. मीटरने २०.२ दाखवले तर तक्त्यानुसार ते चालते. परंतु हवेत ऑक्सिजनचा वाटा एक पंचमांश असल्यामुळे, दुसऱ्या वायूने हवा बाजूला सारून ऑक्सिजन ०.७ टक्का कमी केला असेल, तर त्या वायूचे प्रमाण साडेतीन टक्क्यांच्या जवळ, म्हणजे सुमारे ३५,००० पीपीएम असले पाहिजे. तो वायू कोणता आहे हे कळल्याशिवाय उतरायचे नाही. तेव्हापासून १९.५ हा आकडा पास होण्याच्या गुणांसारखा वाचण्याची सवय मी सोडून दिली, आकडा २०.९ वरून हलला असेल तर तो का हलला, हा प्रश्न आधी विचारतो.

सरावासाठी धुऊन कोरडी केलेली एक रिकामी टाकी निवडली होती. मॅनहोलवर ट्रायपॉड, त्याला विंच, उतरणाऱ्याच्या अंगात पूर्ण हार्नेस (अंगभर बांधायचे पट्टे) आणि दोराची खूण : एक झटका म्हणजे ठीक आहे, दोन म्हणजे दोर पुढे सोडा, तीन म्हणजे सैल दोर ओढून घ्या, चार म्हणजे मदत. काही फेऱ्या नीट पार पडल्यानंतर, मला न सांगता, आत उतरलेल्या फिटरला सुरक्षा अधिकाऱ्यांनी निपचित पडून राहायला सांगितले होते. माझ्या हाकेला उत्तर आले नाही, दोराला झटका दिला तरी उलट खूण आली नाही, म्हणून मी हॉर्न वाजवला आणि विंच फिरवू लागलो. तेवढ्यात शेजारी काम करणारा त्याचाच सहकारी धावत आला आणि हार्नेस नसताना, मीटर नसताना शिडीवर पाय टाकू लागला. त्याची कॉलर धरून मला त्याला मागे ओढावे लागले आणि त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले तिच्यात राग होता. आतला माणूस विंचने सुखरूप वर आल्यावर हा सगळा सराव होता हे त्याला समजले. सुरक्षा अधिकाऱ्यांनी त्याला बोल लावला नाही; उलट पुढच्या सरावात त्यालाच स्टँडबाय म्हणून उभे केले.

प्रत्यक्ष काम होते ईटीपीच्या बफर टाकीचे. साधारण सहा मीटर व्यासाची, पाच मीटर खोल, वरून स्लॅब टाकलेली काँक्रीटची टाकी. एक मॅनहोल वर आणि एक बाजूला. तळाशी गुडघाभर गाळ साठला होता आणि आतल्या बॅफल पत्र्याचे (प्रवाह अडवणाऱ्या पत्र्याचे) बोल्ट गंजून गेले होते. गाळ काढणारा कंत्राटदार एरवी शहरातील मैलाटाक्यांचे काम करणारा होता. त्या क्षेत्रासाठी हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा २०१३ चा वेगळा कायदा आहे आणि गटारात मृत्यू झाल्यास कुटुंबाला ३० लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले आहे. कारखान्याच्या टाकीला लागू होणारा कायदा वेगळा असला, तरी आतला वायू तोच असतो. कंत्राटदाराचे मजूर सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून आलेले होते. आपसांत ते पावरी बोलत, मुकादम आप्पांशी अहिराणी बोलत आणि आमचे परमिट मात्र इंग्रजीत छापलेले होते. सुरक्षा अधिकाऱ्यांनी त्याचा मराठी नमुना करून घेतला आणि रोज काम सुरू होण्यापूर्वीची सूचना आप्पांनी मजुरांना त्यांच्या बोलीत द्यावी आणि मजुरांनी ती उलट सांगून दाखवावी, असा नियम केला. ‘समजले का’ असे विचारल्यावर सगळेच मान डोलावतात; उलट सांगायला लावले की काय समजले नाही ते बाहेर येते.

पहिले काम टाकी इतरांपासून तोडण्याचे. टाकीत येणाऱ्या नळाची झडप बंद केली की काम झाले, अशी सर्वसाधारण समजूत असते. पण झडप गळू शकते आणि पलीकडून कोणी ती अनवधानाने उघडूही शकतो. त्यामुळे आम्ही येणाऱ्या प्रत्येक नळाची फ्लँज (जोडाची कडी) उघडून मध्ये लोखंडी ब्लाइंड, म्हणजे नळ पूर्ण बंद करणारी चकती घातली, डायजेस्टरकडून (सांडपाणी कुजवून वायू काढणाऱ्या टाकीकडून) येणाऱ्या वायुवाहिनीलाही घातली, आणि मिक्सरच्या मोटारीचा पुरवठा पॅनेलवर तोडून तिथे कुलूप व टॅग लावले. कुलपाबाबत आमची पद्धत अशी की, आत उतरणारा प्रत्येकजण आपले स्वतःचे कुलूप लावतो आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो. पॅनेलवरचे शेवटचे कुलूप निघेपर्यंत मोटार सुरू होत नाही. मिक्सरचे बटण दाबून तो खरोखर फिरत नाही, हेही पाहिले. कुलूप चुकीच्या फीडरला लागले असेल तर ते याच वेळी समजते.

दोन्ही मॅनहोल उघडल्यावर वरून नळी सोडून पहिले वाचन घेतले. वर, मध्ये आणि तळाशी, अशा तिन्ही पातळ्यांवर वाचन घ्यावे लागते, कारण मिथेन हलका असल्याने वर साठतो आणि हायड्रोजन सल्फाइड किंचित जड असल्याने खाली. शिवाय नळीतून हवा मीटरपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, म्हणून प्रत्येक पातळीवर आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे लागते. तळाशी ऑक्सिजन १८ च्या खाली होता आणि हायड्रोजन सल्फाइडचा आकडा तीन अंकी. त्याच वेळी बाजूच्या मॅनहोलजवळ, वाऱ्याच्या खालच्या बाजूला उभा असलेला एक मजूर मला म्हणाला, ‘माले काय व्हस, भाऊ? आते तं वास बी येस नही.’ त्याला हाताला धरून मी आधी वाऱ्याच्या वरच्या बाजूला नेले आणि मीटरचा आकडा दाखवला. थोड्या वेळाने मोकळ्या हवेत त्याचे नाक पूर्ववत झाले आणि वास अजून येतो आहे, हे त्याला स्वतःलाच कळले. वर्गातल्या कोणत्याही तक्त्यापेक्षा ही गोष्ट बाकीच्या मजुरांना जास्त पटली, असे नंतर आप्पांनी सांगितले.

टाकीत साधारण १४० घनमीटर हवा मावते. ताशी ३,००० घनमीटर हवा देणारा ब्लोअर लावला तर तासात सुमारे एकवीस वेळा हवा बदलते, असा हिशेब करून ब्लोअर निवडला; पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न होता तो डक्टचे तोंड कुठे ठेवायचे हा. डक्ट मॅनहोलशीच सोडले तर ताजी हवा वरच्या वर फिरून बाहेर जाते आणि तळ तसाच राहतो, म्हणून ते गाळाच्या अगदी जवळ नेले आणि दुसरे मॅनहोल बाहेर पडणाऱ्या हवेसाठी मोकळे ठेवले. ब्लोअरची हवा आत घेण्याची बाजू कुठे आहे, हेही पाहावे लागते. आमच्याकडे लाईट गेली की डीजी सेट (डिझेल जनरेटर) सुरू होतो आणि ईटीपीच्या मागेच त्याचे धुराडे आहे. वारा फिरला तर त्याचा धूर ब्लोअरमधून थेट टाकीत जाईल, म्हणून ब्लोअर दुसऱ्या कोपऱ्यात हलवला. लाईट गेली आणि ब्लोअर थांबला तर डीजी सुरू होण्याची वाट न पाहता सर्वांनी बाहेर यायचे, ही अट परमिटवर ठळक लिहिली.

शटडाऊन मे महिन्यात होते आणि खानदेशातला मे काय असतो हे इथल्या कोणाला सांगायला नको. पारा ४४-४५ अंशांवर असताना ओल्या गाळाच्या टाकीत हार्नेस आणि गमबूट घालून काम करणाऱ्याला वायूआधी उष्माघात गाठू शकतो. रात्री काम करावे अशी सूचना आली होती, पण रात्रीच्या पाळीत बचाव पथकातील माणसे आणि रुग्णवाहिकेचा चालक कमी असतात, म्हणून ती नाकारली गेली. शेवटी पहाटे उजाडताना सुरुवात करून उन्हे चढण्यापूर्वी थांबायचे, वीस-वीस मिनिटांची पाळी लावायची आणि बाहेर आलेल्या प्रत्येकाला सावलीत बसवून मीठ-साखरेचे पाणी द्यायचे, असे ठरले.

ब्लोअर बराच वेळ चालल्यानंतर तिन्ही पातळ्यांवर ऑक्सिजन २०.९, ज्वालाग्राही वायू शून्य आणि हायड्रोजन सल्फाइड १ ते २ पीपीएम आला. सुरक्षा अधिकाऱ्यांनी स्वतः वाचन घेऊन परमिटवर सही केली. दोघे उतरले, प्रत्येकाच्या छातीवर वेगळा मीटर होता. माझ्याकडे नोंदवही, हॉर्न, वॉकीटॉकी आणि विंच, आणि शेजारी सज्ज ठेवलेले दोन श्वसनयंत्रांचे संच. त्या संचातील ६.८ लिटरचा सिलिंडर ३०० बारपर्यंत भरलेला असतो, म्हणजे सुमारे २,००० लिटर हवा; मेहनत करणारा माणूस मिनिटाला ४० लिटर घेतो असे धरले तर पन्नास मिनिटे, आणि हवा संपत आल्याची शिट्टी वाजायला लागली की परत फिरायचे, म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी. ते संच माझ्यासाठी नव्हते, बचाव पथकासाठी होते, हे मला पुन्हा एकदा बजावण्यात आले.

सुरुवातीला सगळे सुरळीत होते. मग एकाने कोपऱ्यातला घट्ट झालेला गाळ फावड्याने उचकटला आणि काही क्षणांत त्याच्या छातीवरचा मीटर वाजू लागला. गाळाच्या पोटात अडकलेला वायू ढवळल्यावर सुटतो. म्हणूनच उतरण्यापूर्वीचे चांगले वाचन हे त्या क्षणापुरतेच असते आणि काम चालू असताना सतत मोजणे थांबवता येत नाही. मी हॉर्न दिला. एकजण लगेच शिडीला लागला, दुसरा ‘एवढी एक बादली’ असे खुणेने सांगू लागला. मी पुन्हा हॉर्न दिला आणि त्याच्या हार्नेसचा दोर विंचवर ताणून धरला, तेव्हा तो निघाला. दोघे वर आल्यावर नळी सोडून पाहिले, तर तळाशी आकडा ३८ पीपीएम होता आणि अजून चढत होता. तो माणूस बादली भरत राहिला असता तर तिथेच कोसळला असता, असे मी म्हणणार नाही. पण आकडा कुठे थांबणार हे त्या वेळी कोणालाच माहीत नव्हते, आणि बाहेर येण्यासाठी तेवढे कारण पुरेसे आहे.

यानंतर जे झाले ते मला या सर्व प्रक्रियेतील सर्वांत शिस्तीचे पाऊल वाटते. परमिट थांबवून ठेवले नाही, रद्द केले. परिस्थिती बदलली की जुना कागद संपला, नव्या परिस्थितीचा विचार पुन्हा पहिल्यापासून करायचा. कंत्राटदाराला हे आवडले नाही, कारण त्याचा दर कामावर होता, दिवसावर नव्हता, आणि थांबलेला दिवस त्याच्या खिशातून जात होता. व्यवस्थापनाने त्या दिवसाची मजुरी वेगळी दिली, तेव्हा हा ताण निवळला. असे पैसे निविदेतच धरलेले असले पाहिजेत, असे माझे मत आहे. नाहीतर ‘लवकर उरका’ हे वाक्य कोणी न बोलताही टाकीत उतरतेच. नव्या परमिटमध्ये आधी बाहेरूनच पाण्याच्या जोरदार झोताने गाळ पातळ करायचा, पंपाने उपसायचा, मग हवा खेळवायची आणि उरलेल्या कामासाठी एअरलाइन मास्क लावूनच उतरायचे, असे ठरले. बाहेरच्या कॉम्प्रेसरमधून गाळून आलेली हवा त्या मास्कला नळीने मिळते आणि नळीत बिघाड झाला तर बाहेर पडण्यापुरता लहान सिलिंडर कमरेला असतो. त्यानंतर मीटर अधूनमधून ४-५ पीपीएमपर्यंत जाऊन खाली येत राहिला, पण पुन्हा वाजला नाही.

बॅफलचे बोल्ट बदलताना ग्राइंडर लागणार होता, म्हणून त्यासाठी गरम कामाचे वेगळे परमिट घेतले आणि ज्वालाग्राही वायूचे वाचन ठिणगीच्या जागी पुन्हा घेतले. प्रकाशासाठी २४ व्होल्टचे ज्वालारोधक दिवे होते आणि त्यांचा ट्रान्सफॉर्मर टाकीच्या बाहेर ठेवला होता.

काम संपल्यावर परमिट बंद करण्याचेही एक काम असते आणि घाईत तेच वगळले जाते. नोंदवहीतील नावे आणि बाहेर आलेली माणसे मी एकेक करून ताडून पाहिली, आत नेलेली हत्यारे मोजून घेतली, मॅनहोलची झाकणे नवी गॅस्केट घालून बसवली, प्रत्येकाने आपापले कुलूप स्वतः काढले आणि शेवटी ब्लाइंड काढून फ्लँज आवळल्या. ब्लाइंडची संख्या यादीशी जुळली नाही तर एखादी नळात राहून जाते आणि कारखाना सुरू झाल्यावर सांडपाणी भलतीकडे तुंबते, म्हणून त्यांच्यावर क्रमांक टाकलेले असतात.

शटडाऊननंतरच्या बैठकीत मी एवढेच मांडले की, गाळ काढण्यासाठी माणूस उतरवण्याची गरजच का पडावी. झोत आणि पंप यांनी बहुतेक गाळ बाहेरूनच निघाला होता, ते आम्ही आधी न करता नंतर केले, एवढाच फरक. पुढच्या वर्षापासून गाळ काढण्याच्या निविदेत सक्शन टँकर आणि जेटिंग यंत्र बंधनकारक केले, आणि बफर टाकीच्या तळाला गाळ ओढून घेणारी नळी कायमची बसवली. उतरण्याची वेळ त्यामुळे बरीच कमी झाली, पण संपली नाही, कारण बॅफल अजून आतूनच पाहावा लागतो. तो वरून उचलून बाहेर काढता येईल असा खाचेत बसणारा करावा, असा आराखडा आता तयार आहे. तेवढे झाले की या टाकीत माणूस उतरण्याचे कारण काँक्रीटच्या तपासणीपुरते उरेल.